भाकड

सभागृहात हशा पिकला आणि बारकी मनातून सुखावली. हशा कुठे पिकणार हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. लहानपणी अक्का तिला बोट धरून एका म्हाताऱ्या बुवांचं निरूपण ऐकायला न्यायची. बुवा गात गात सांगायचे. आधी माणसांना पोट धरून हसवायचे आणि हसता हसता मनं सैल झाली की हळूच आतली गोष्ट त्यांच्या हातावर ठेवायचे. बारकीला वाटायचं, शास्त्रसुद्धा असंच सांगावं.

समोर बहुतेक बायकाच होत्या. कुणाच्या छातीचं कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, कुणाचं व्हायचं होतं. त्यांतल्या पुष्कळजणींनी ऑपरेशनात काढलेला एवढासा तुकडा प्रयोगशाळेला अभ्यासासाठी दिला होता, आणि त्या तुकड्यांचं पुढे काय झालं ते सांगायला आजचा कार्यक्रम होता.

"पेशीत एक भलंमोठं पुस्तक असतं," बारकी सांगत होती. "त्यातून लागतील तशा नकला उतरवल्या जातात. त्या नकलेचं नाव आरएनए. काही नकला म्हणजे सरळ हुकूम असतो. अमुक प्रथिन बनवा, तमुक बनवा. ती प्रथिनं बनतात म्हणून शरीराचं रहाटगाडगं चालतं. पण ढीगभर नकला अशा आहेत की त्यांतून काही म्हणजे काही बनत नाही! उतरवल्या जातात, पेशीत इकडेतिकडे हिंडतात आणि बसून राहतात. आमच्या सरांना मी त्या पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा सर म्हणाले, बाई, या सगळ्या भाकडकथा आहेत. मग मी त्यांचं नावच ठेवून टाकलं. भाकडं! दूध नाही, वासरू नाही, नुसता चारा खातात."

पहिल्या रांगेत बसलेले सर मांडीवर थाप मारून हसले. सर हसले तशी त्यांच्या मागची सगळी प्रयोगशाळा हसली, आणि मग बायकाही हसल्या.

"आता आमच्याकडे सकाळी कुणी कुणाला नमस्कार करत नाही. विचारतात, काय हो, तुमची भाकडं बर्फातून काढली का?"

पुन्हा हशा. बारकीने हसू ओठांत धरून सभागृहावर नजर फिरवली, आणि ती नजर तिसऱ्या रांगेत अक्कावर जाऊन थांबली.

अक्का हसत नव्हती. रागावलेलीही दिसत नव्हती. मांडीवरच्या पर्सचं बटण ती उघडत होती, लावत होती. शेजारी भाऊजी, अक्काचा नवरा, पायातल्या बुटांकडे बघत होते. भाऊजी फ्रीज दुरुस्त करतात. कुठे काय बिघडलं ते त्यांना आवाजावरून कळतं.

बारकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. देवा रे, हे काय बोलून बसले मी?

पण तोंड चालू होतं. पाठ केलेलं भाषण थांबत नाही, ते स्वतःच पुढे चालत राहतं. "पण मंडळी, ही भाकडं भाकड नाहीत," तिचं तोंड म्हणालं. ठरवल्याप्रमाणे इथे आवाज खाली उतरला. "स्तनात दुधाच्या बारीक नळ्या असतात. त्या नळीच्या आतल्या पेशी जेव्हा बिघडायला लागतात, गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी, तेव्हा आम्हाला काय दिसतं? यांतलीच एखादी वाढलेली दिसते. ती स्वतः हुकूम देत नाही, पण हुकूम देणाऱ्यांच्या तोंडावर हात ठेवते. ज्या हुकमांनी पेशी आवरलेल्या राहतात, तेच गप्प होतात. आणि पेशी मोकाट सुटतात."

टाळ्या झाल्या. बुवांच्या निरूपणात इथे लोक डोळे पुसायचे. बारकीला मात्र आपण बोललेला प्रत्येक शब्द आता अक्काच्या कानांनी ऐकू येत होता. दूध नाही. वासरू नाही. नुसता चारा. आणि वर रोग लावते.

आता ही अक्का कोण आणि हा शब्द कुठला, ते सांगायला हवं.

आई गेली तेव्हा बारकी पाळण्यातून नुकती बाहेर आलेली. अक्काने, जी स्वतः शाळकरी पोरगी होती, तिला वाढवलं. लग्न झालं तेव्हा बारकीलाही सोबत सासरी नेलं, आणि भाऊजींनी एका शब्दाने का म्हणून विचारलं नाही. अक्काला मूल झालं नाही. भाऊजी त्यावरही कधी बोलले नाहीत. त्यांची आई बोलली. एकदा शेजारच्या बायका जमल्या असताना म्हातारी दारात उभी राहून म्हणाली होती, "भाकड दारात बांधलीय, आणि तिच्याबरोबर आणलेलं वासरू परक्याचं." बायका हसल्या होत्या. बारकी तेव्हा इतकी लहान की शब्दाचा अर्थसुद्धा तिला कळला नव्हता. फक्त अक्काचा चेहरा कळला. तिने जाऊन म्हातारीच्या हाताला कडकडून चावा घेतला. पुढे म्हातारी कुणालाही तो हात दाखवत सांगायची, ही पोर नाही, कुत्रं आहे. अक्का मात्र तिला जवळ ओढून म्हणाली होती, "बारके, लोकांना चावायचं नसतं गं." आणि म्हणता म्हणता हसली होती.

ती बारकी आता चाळिशीला आली होती, डॉक्टरेट मिळवून बसली होती. आणि ज्या शब्दासाठी ती चावली होती, तोच शब्द तिने माइकवरून सांगून शंभर माणसांना हसवलं होतं. तो शब्द सुचला तेव्हा तो कुठून आला ते तिला आठवलंसुद्धा नव्हतं. लाज वाटायला एवढं पुरे होतं. पण तेवढ्यावर भागलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मागे चहा ठेवला होता. बारकी गर्दीतून वाट काढत तिथे पोचली तेव्हा भाऊजी एकटेच दाराशी उभे होते.

"अक्का?"

"रिक्षात बसलीय. डोकं दुखतंय म्हणते."

"भाऊजी, मी..."

"छान बोललीस," भाऊजी म्हणाले. ते खोटं बोलत नसत, म्हणून तिच्याकडे न बघता म्हणाले. "सोमवारचं काय ते तू तिच्याशी बोल. मी म्हटलं तर ऐकेल असं आता वाटत नाही."

सोमवार म्हणजे सुईची तपासणी. अक्काच्या छातीच्या फोटोत वाळूसारखे पांढरे कण दिसले होते, एका जागी गोळा झालेले. गाठ नव्हती, दुखत नव्हतं. असे कण कधी काहीच नसतात आणि कधी सगळ्यात पहिली खूण असतात. सुई घालून थोडंसं बाहेर काढल्याशिवाय ते कळायचा मार्ग नाही. आत काही असलंच तर आज ते दुधाच्या नळीतच असेल, काढून टाकता येईल. उद्या ते नळीची भिंत ओलांडेल की नाही ते देवाला ठाऊक. अक्का टाळत होती. दुकानात काम आहे, शिलाईचं मशीन बिघडलंय, पाहुणे येणार आहेत. बारकीने हातापाया पडून तिला कबूल करवलं होतं. "माझं काम बघायला ये आधी," असं म्हणून आजच्या कार्यक्रमालाही तिनेच बोलावलं होतं, भीती जाईल म्हणून.

संध्याकाळी फोन आला.

"सोमवारी मी येत नाही. तुला रजा घ्यायला नको."

"अक्का, ऐक..."

"गिऱ्हाईक आहे समोर," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत बारकीचं कौतुक चाललं होतं. कुणीतरी तिच्या टेबलावर कागदाची गाय करून ठेवली होती. सर स्वतः तिच्या खोलीत आले, जे ते सहसा करत नसत.

"बाई, मैदान मारलंत! हॉस्पिटलच्या वार्तापत्रात तुमचं भाषण छापायचंय. त्यांनी मथळासुद्धा काढलाय. 'भाकडांची किमया'. कसा आहे?"

आत्ता बोलायचं, बारकीला वाटलं. सांगायचं, सर, हा शब्द एका बाईच्या अंगावर फेकलेला आहे आणि ती बाई माझी अक्का आहे. पण मग सर विचारतील, म्हणजे कुणी? का? मग मूल नसण्याची गोष्ट निघेल, फोटोतले कण निघतील. घरातलं सगळं या काचेच्या बाटल्यांमध्ये मांडावं लागेल. असं तिने स्वतःला पटवलं. खरं म्हणजे तिला सरांसमोर खजील व्हायचं नव्हतं.

"शब्द जरा... शास्त्रीय नाही, सर."

"शास्त्रीय नाही म्हणून तर लोकांना कळला!" सर हसत निघून गेले. आणि बारकीने ती कागदाची गाय चुरगळून टोपलीत टाकली. गाय टाकायला धैर्य लागत नाही.

शनिवारी ती अक्काच्या दुकानात गेली. एका खोलीचं दुकान. कपडे आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं, असली कामं. भिंतीला टांगलेल्या कपड्यांमुळे खोलीत नेहमी पाच-सहा माणसं उभी असल्यासारखं वाटायचं. अक्का मशीनवर होती. समोर एक जाडसर बाई कोट घालून बघत होती.

"किती ढिला करू?" अक्का म्हणाली.

"श्वास घेता आला पाहिजे एवढा."

"घ्या मग श्वास. घ्या... सोडू नका लगेच. आणि जेवण झाल्यावर कसा असतो तो घ्या, आत्ताचा नको."

बाई खदखदून हसली. बारकीलाही हसू आलं, पण अक्काने तिच्याकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विरलं. कोटवाली बाई गेली. अक्काने दार ओढून घेतलं, कडी लावली नाही.

"बोल."

बारकीने घरून शब्द जुळवून आणले होते. "अक्का, ते जे मी म्हटलं ना, ते माणसांबद्दल नव्हतं. तो रेणू असतो. आणि मी पुढे म्हटलं ना की ती भाकड नसते, उलट सगळ्यांत महत्त्वाची असते. पूर्वी लोक तिला कचरा म्हणायचे, आम्ही दाखवून दिलं की तिच्यामुळेच..."

"बारके."

"हं?"

"तू माफी मागायला आलीस की शिकवायला?"

अक्काने दोऱ्याचं टोक जिभेने ओलं केलं. मग ते सुईत ओवलं आणि म्हणाली, "मी शेवटपर्यंत ऐकलं गं तुझं. बाकीच्या बायका चहाकडे बघत होत्या, मी ऐकत होते. भाकड आहे, काही कामाची नाही. मग तुम्ही अभ्यास केलात, आणि काय निघालं? ती रोग लावते. म्हणजे आधी नुसती भाकड होती, आता पांढऱ्या पायाचीही ठरली. हा तिचा मान!"

"असं नाही अक्का..."

"कसं आहे मग?"

बारकीच्या सगळ्या आयुष्याच्या अभ्यासाचं एका वाक्यात असं काही झालं होतं की त्यात चूक कुठे दाखवावी ते तिला कळेना.

"तो शब्द कुणी काढला? तुझ्या सरांनी?"

'हो' म्हणणं सोपं होतं. सर म्हणाले होतेच की, भाकडकथा.

"मी काढला."

"मला वाटलंच. तुलाच असलं सुचतं." अक्काने सुई उशीत खोचली. "तुला आठवलं नाही?"

"नाही."

"काहीच?"

"सभेत तुझ्याकडे बघितलं तेव्हा आठवलं. त्याच्या आधी नाही."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तू चावलीस ना तिला," अक्का शेवटी म्हणाली, "तेव्हापासून माझ्या मनातून तो शब्द गेला होता. खरंच सांगते. म्हातारी पुढेही बोलायची, पण मला हसू यायचं. वाटायचं, आपल्याकडे चावणारी आहे. परवा सगळं सभागृह हसत होतं आणि मी तिलाच शोधत होते. चावणारीला. तर ती माइक धरून उभी."

बारकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. रडण्याने सुटका होते. तिला नुसतं आपल्या तोंडाचं, दातांचं, जिभेचं ओझं वाटत राहिलं.

"हात काढ. उगाच नाटकं नकोत. मला एक खरं सांग."

"काय?"

"त्या फोटोवाल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलं किती? म्हटलं, नाहीत. अंगावर पाजलंय का? म्हटलं, बाई, नाहीत म्हटलं ना, कुणाला पाजू? तर मान हलवून लिहून घेतलं. मग भिंतीवरच्या तक्त्यात वाचलं मी. मूल न झालेल्या बायकांना जास्त होतो." अक्काचा आवाज बारीक झाला. "मूल नाही म्हणून झालंय का मला हे? म्हातारीचंच खरं झालं का?"

हा होता अक्काचा काटा. सभेतला शब्द त्याच्यावरच जाऊन बसला होता. तिला सुईची भीती नव्हती, कात्रीसुईत तर तिचा जन्म गेला. त्या सुईने बाहेर जे येईल त्यावर म्हातारीची सही असेल, याची तिला भीती होती. सोमवारी जायचं म्हणजे जाऊन तेवढं ऐकून यायचं.

बारकीला वाटलं, नाही म्हणावं. छे गं, काही संबंध नाही, म्हणावं. एवढ्या एका शब्दाने अक्का उठून सोमवारी येईल. पण जिभेने एकदा दगा दिलेला; ती पुन्हा सैल सोडायची तिला हिंमत होईना.

"थोडा वाटा असतो," ती म्हणाली. "तक्त्यात लिहिलंय ते खोटं नाही. पण थोडाच असतो अक्का. मूल झालेल्या, पाजलेल्या लाखो बायकांना होतो, आणि न झालेल्या बहुतेकींना होत नाही. तुझ्या बाबतीत का, ते मलाही सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. आणि अजून झालंय की नाही तेच माहीत नाही. आपल्या आईला हाच रोग होता, त्याचा वाटा याहून मोठा. आणि आईला तर आपण दोघी..."

"आईला तू पीत असतानाच गाठ लागली."

बारकीने वर पाहिलं. हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तिला वाटलं दूध साकळलंय. मग तसं वाटेना, पण दाखवायची लाज वाटायची तिला. परक्या पुरुषाला छाती कशी दाखवू म्हणायची. शाल पांघरून बसायची उन्हाळ्यातसुद्धा. मला म्हणायची, कुणाला सांगू नकोस. मी नाही सांगितलं." अक्का मशीनचं चाक उगाच हाताने फिरवत होती. "तुला सांगितलं नाही, कारण तू उगाच स्वतःला लावून घेतलं असतंस. डोकं आहेच तुझं तसलं."

टांगलेले कपडेही ऐकत असल्यासारखे उभे होते.

"लाजेनं गेली बघ ती," अक्का म्हणाली, आणि बोलून झाल्यावर आपलंच बोलणं ऐकल्यासारखी थबकली. मग चिडून म्हणाली, "आता तू मनात म्हणतेयस, आणि तूही तेच करतेयस."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणू नकोसच. जा आता घरी. कोट आज द्यायचाय मला."

येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

बारकी तिथून घरी गेली नाही, सरांच्या घरी गेली. दारातच उभी राहून तिने सगळं सांगितलं. अक्काचं नाव घेतलं नाही, पण कुणाबद्दल चाललंय ते लपलंही नाही. सांगताना मान वर करवत नव्हती. सरांच्या सपाता तेवढ्या दिसत होत्या. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच वार्तापत्राच्या माणसाला फोन लावला. मग फोन ठेवून म्हणाले, "छापून झालंय हो. तुम्ही त्याच दिवशी बोलला असतात तर..." आणि पुढचं सज्जनपणे गिळलं.

सोमवारी सकाळी बारकी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभी होती. भाऊजींचा टेम्पो आला. त्यातून भाऊजी उतरले, आणि मग, देव पावला, अक्का उतरली. चांगला इस्त्रीचा पोशाख, केस चापूनचोपून.

"तुझ्यासाठी नाही आले," ती म्हणाली.

"बरं."

"याने सकाळपासून तोंड उघडलं नाही, म्हणून आले. बायको नसली तर फ्रीजशी बोलत बसेल."

"फ्रीज उलट बोलत नाही," भाऊजी म्हणाले.

तिघं आत गेली. तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाक होता आणि बाकासमोरच्या फळ्यावर, अगदी डोळ्यांच्या पातळीवर, नवंकोरं वार्तापत्र टाचलेलं होतं. बारकीने ते अक्काच्या आधी पाहिलं. मध्ये उभं राहावं असं तिला वाटलं, पण ती बाजूलाच राहिली. जाड अक्षरांत: भाकडांची किमया. खाली बारकीचा फोटो, माइक हातात धरलेला, तोंड उघडं.

अक्का थांबली. भाऊजींनी तिच्या कोपराला हात लावला. तिने तो झटकला नाही, पण हललीही नाही. त्या क्षणी ती मागे वळली असती तर बारकीला एक शब्द बोलायचा हक्क उरला नसता.

"चष्मा दे," अक्का म्हणाली.

बारकीने अक्काच्या पिशवीतून चष्मा काढून दिला. अक्काने तो लावला आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. पहिल्यापासून. चारा, वासरू, सगळं. वाचायला तिला वेळ लागायचा, ओठ हलायचे. ओठ हलताना बघणं ही बारकीची शिक्षा होती आणि ती तिने पूर्ण भोगली, नजर न काढता.

"हे तू थांबवायला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. उशिरा. आधी... आधी मला सरांसमोर बोलायची लाज वाटली."

अक्काने चष्मा काढला. "आपल्या घराण्यात लाजेचं पीक भारी," ती म्हणाली. कडू हसली. "फोटो तरी बरा द्यायचा. पडजीभ दिसतेय."

दार उघडलं. नर्स बाहेर आली. "पेशंट कोण? आणि सोबत एकच आत."

भाऊजींनी बारकीकडे पाहिलं. बारकीने मान हलवली: तुम्ही जा.

"हिला घ्या," अक्का नर्सला म्हणाली. "धाकटी बहीण आहे. तोंडाची फाटकी आहे, पण आतलं हिला कळतं."

आत पुन्हा तेच प्रश्न. नर्सने विचारलं, "मुलं किती?" बारकीने तोंड उघडलं, काहीतरी मऊ बोलावं म्हणून. अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

"नाहीत," अक्का खणखणीत म्हणाली. "पुढचं विचारा."

सुई आत जाताना अक्काने बारकीचा हात धरला नाही. टेबलाची कड धरली. बारकी उशाशी उभी राहिली, आणि तिने देवाला जे मागितलं त्यात स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं.

निकाल आला तो असा: आहे, पण दुधाच्या नळीतच आहे. भिंत ओलांडलेली नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी सुरुवातीला सापडलं, काढून टाकू. भाऊजी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. अक्का म्हणाली, "कधी काढता?" जणू कुणी उसवायला दिलेली बाही होती.

ऑपरेशनच्या आधी प्रयोगशाळेची एक मुलगी संमतीचा कागद घेऊन आली. काढलेल्या भागातला थोडा तुकडा अभ्यासाला द्याल का, असं विचारणारा. बारकी तिथेच होती. तो कागद पाहताच तिच्या मनात चटकन हिशेब झाला: इतक्या सुरुवातीचा नमुना, आईचा इतिहास, असा मिळत नाही. झाला तो हिशेब, तिने केला नाही. पण अक्काने तिला वाढवलं होतं, तिचा चेहरा वाचायला अक्काला चष्मा लागत नव्हता.

"तुला पाहिजे ना तो?"

"हो," बारकी म्हणाली. आणि मग, "नको देऊस."

"लाज वाटतेय?"

"वाटतेय."

"वाटू दे." अक्काने मुलीकडून पेन घेतलं. "मी देते. माझ्या आईच्या वेळी कुणी बघणारं असतं तर बरं झालं असतं. पण हिच्या हातात द्यायचा नाही. दुसरं कुणीतरी बघा त्याच्याकडे. आणि बघताना हसायचं नाही."

मुलगी गोंधळली. तिने एकदा बारकीकडे पाहिलं, एकदा अक्काकडे. "तसं... तसं लिहिता येईल. पण कारण लिहावं लागतं. काय लिहू?"

अक्काने क्षणभर विचार केला.

"घरगुती," ती म्हणाली.

मुलीने लिहिलं. अक्काने सही केली आणि चाकाच्या खुर्चीत बसली. बारकीने खाली मान घालून अक्काची पिशवी उचलली आणि खुर्चीच्या मागे चालू लागली.